क्रोशाची सुई आणि दोरा

क्रोशाच्या विणकामास साहित्य फार थोडे लागते. विणकरास माग लागतो, शिंप्यास यंत्र लागते. क्रोशा विणणारास एक सुई, दोऱ्याचा एक गुंडा आणि एक कात्री एवढे पुरते. परंतु साहित्य थोडे म्हणून त्याची निवडही सोपी, असे मात्र कोणी समजू नये. दोऱ्यास पडणारे पैसे हा ह्या कामातील लहान खर्च होय. मोठा खर्च असतो तो वेळेचा. जेवणाच्या मेजावर घालावयाचा मोठा रुमाल विणण्यास फावल्या वेळातील कित्येक महिने लागतात, आणि पहिल्याच धुण्यात त्याचा लाल रंग पांढऱ्यावर उतरला किंवा कडा आक्रसून मध्यभाग फुगला, तर दोरा पुन्हा विकत आणता येतो. गेलेले महिने कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

क्रोशे ह्या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी लहानसा आकडा असा आहे. दोन सुयांच्या विणकामात एका ओळीचे सर्व फास सुईवर राहतात. क्रोशात बहुधा एकच फास सुईवर असतो आणि प्रत्येक टाका तेथल्या तेथे पुरा होतो. म्हणून सगळे काम सुईच्या त्या इवल्याशा टोकावर अवलंबून असते. यंत्रावर निघालेली जाळी दिसावयास पुष्कळदा क्रोशासारखी असते. पण तिचा टाका निराळा असतो. बाजारात विकला जाणारा खरा क्रोशा आजही माणसाच्या हातानेच विणलेला असतो.

ह्या कलेने कुटुंबेही जगविली आहेत. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला. त्या काळात कॉर्क येथील जोगिणींच्या मठात आणि क्लोन्स गावाच्या परिसरात बायकांना क्रोशाची जाळी विणण्यास शिकविण्यात आले, आणि त्या जाळीच्या विक्रीवर अनेक घरांतील चूल पेटली. आपल्या देशात गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूर भागात १९ व्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी ही कला आणली व तिचा मोठा व्यापार झाला. मारिया मीस ह्या जर्मन विदुषीने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तेथील विणणाऱ्या स्त्रियांची स्थिती सविस्तर मांडली आहे. घरी बसून फावल्या वेळचा छंद, असे म्हणून त्यांच्या श्रमास अत्यल्प मोल मिळत असे. हौशी विणणारीने हे ध्यानात ठेवणे दोन कारणांनी बरे. एक तर हातच्या कामाची खरी किंमत तीत आहे. दुसरे असे की, ज्यास सूत बिघडले तर मजुरी बुडते, तो दोरा व सुई पारखल्याशिवाय पहिला टाका घालीत नाही. तोच शिरस्ता घरच्या कामातही पाळावा.

निवडीचा क्रम बहुतेकांचा उलटा असतो. दुकानात प्रथम दृष्टी जाते ती रंगाकडे; मग दोरा घेतला जातो; घरी असेल ती सुई उचलली जाते, आणि विणावयाचे काय हे शेवटी ठरते. वास्तविक आरंभ हेतूपासून करावयास हवा. वस्तू अंगास लागणार आहे काय, ती किती वेळा धुतली जाणार, आणि ती ताठ राहावयाची की अंगावर सैल पडावयाची, हे तीन प्रश्न स्वतःस आधी विचारावेत. दारावरचे तोरण ताठ हवे व धुण्याचे प्रसंग थोडे. बाळंतविड्यातील टोपडे मऊ हवे व ते रोज धुतले जाणार. शिवाय दुपट्याची जाळी इतकी मोकळी नसावी की तान्ह्या मुलाची बोटे तीत अडकतील. बाजारची पिशवी ओझ्याने ताणू नये. शालीस मात्र लवचीकपणाच हवा. इतके ठरले म्हणजे निम्मी निवड आपोआप झाली.

आता दोऱ्याकडे वळू. आपल्या दमट व उष्ण हवेत सुती दोरा सर्वांत उपयोगी. त्यातही दोन प्रकार आहेत. जॉन मर्सर ह्या इंग्रज रसायनज्ञास १८४४ च्या सुमारास असे आढळले की, कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणाने कापसाचा तंतू फुगतो व बळकट होतो. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो ह्याने हीच क्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा सुतास रेशमासारखी चमकही आली. असा मर्सराइज्ड दोरा गुळगुळीत असतो, रंग चांगला धरतो आणि टाका स्वच्छ उठवितो. जाळी, झालर, तोरण व रुमाल ह्यांस तोच योग्य. साधा सुती दोरा मऊ व बिनचमकीचा असतो. अंग पुसण्याचे किंवा भांडी पुसण्याचे फडके त्याचे करावे.

लोकरीचा गुण ऊब व लवचीकपणा. परंतु तिच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी व चोळणे ह्यांनी ते एकमेकांत गुंततात आणि कपडा आटून नमद्यासारखा घट्ट होतो. म्हणून लोकर थंड किंवा कोमट पाण्यात, न चोळता धुवावी. आणि तिला कसर लागते हेही विसरू नये. ॲक्रिलिक धागा स्वस्त, रंगीबेरंगी व धुण्यास सोपा आहे. तो घाम मात्र शोषीत नाही, आणि उष्णता त्यास सोसत नाही. तापलेली इस्त्री फिरविली की तो कायमचा चपटा व निर्जीव होतो. गरम पातेले उचलण्याची फडकी त्याची कधीही करू नयेत. आपल्या दुकानांत लोकर ह्या नावाने पुष्कळदा हाच धागा दिला जातो, तेव्हा वेष्टन वाचूनच तो घ्यावा.

वेष्टन नसल्यास घरी परीक्षा करता येते. दोन इंचांचा तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची बशी ठेवून, तो पेटवावा. सूत कागदाप्रमाणे भरभर जळते आणि मऊ राख राहते. खरी लोकर रेंगाळत जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळते, उग्र वास सोडते आणि त्याचा कठीण काळा मणी बनतो. हे काम मोठ्या माणसाने करावे. मुलांवर सोपवू नये.

जाडीच्या आकड्यांत नवशिक्यांचा फार गोंधळ होतो. क्रोशाच्या सुती दोऱ्यावर १०, २०, ४०, ६० असे आकडे असतात, व आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. ही रीत गिरण्यांतील सुताच्या काउंटावरून आली. ८४० यार्डांची एक लड, अशा किती लडी मिळून एक पौंड वजन भरते, तो त्या सुताचा काउंट. सूत बारीक असेल तर एका पौंडास लडी अधिक लागणार, म्हणून आकडा मोठा. लोकरीच्या पदरांचे तसे नाही. चार पदरी ह्याचा अर्थ चार धागे एकत्र पिळले, एवढाच. ते चार धागे बारीक असले तर लोकर बारीक, जाड असले तर जाड. तेव्हा केवळ पदर मोजून जाडी ठरवू नये. पीळही अवश्य पाहावा. सुईचे टोक दोऱ्यात हलकेच खुपसून पाहावे. पदर लगेच सुटे झाले तर विणताना पदोपदी टाका फाटणार हे निश्चित समजावे.

सुईच्या नंबरांचा घोटाळा तर ह्याहून मोठा. आठ नंबरची सुई, एवढेच म्हटले तर तिचे तीन अर्थ होतात. अमेरिकन पद्धतीची पोलादी बारीक सुई असेल तर ती सुमारे १.५ मिलिमीटर; लोकरीची अमेरिकन सुई असेल तर ५ मिलिमीटर; आणि जुन्या ब्रिटिश पद्धतीची असेल तर ४ मिलिमीटर. शिवाय जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. लोकरीच्या अमेरिकन सुयांत नंबर वाढला की ती जाड होते. ह्यावर उपाय एकच. नंबर सोडून द्यावा आणि मिलिमीटरचे माप मागावे. हे माप सुईच्या आकड्याचे नव्हे, तर त्यामागील सरळ दांड्याचे असते. कारण फास त्या दांड्यावर चढतो, आणि दांड्याच्या जाडीवरच टाक्याचा आकार ठरतो. आजीच्या पेटीतील जुन्या सुईवर काहीच लिहिलेले नसेल, तर सुया मोजण्याच्या भोकांच्या पट्टीने तिचे माप काढता येते.

सुई हाती घेऊन पाहिल्यावाचून घेऊ नये. आकड्याच्या आतील बाजूवरून नख फिरवावे. ते कोठे अडखळले तर दोराही तेथेच अडखळणार. आकड्याचे टोक फार तीक्ष्ण असेल तर ते दोऱ्याचे पदर फाडते. फार बोथट असेल तर घट्ट टाक्यात शिरत नाही. बारीक दोऱ्यास पोलादी सुईच हवी, कारण इतकी बारीक सुई दुसऱ्या पदार्थाची केल्यास वाकते किंवा मोडते. जाड दोऱ्यास ॲल्युमिनियमची सुई हलकी व गुळगुळीत असते. धागा फार निसरडा असेल तर बांबूची सुई त्यास थोडी धरून ठेवते. ज्यांची बोटे दुखतात त्यांनी जाड मुठीची सुई घ्यावी.

सुई व दोरा ह्यांची सांगड साधारणपणे अशी बसते. १० नंबरच्या सुती दोऱ्यास सुमारे १.५ मिलिमीटरची सुई, ४० नंबरच्या दोऱ्यास सुमारे १ मिलिमीटरची. मोजे व बाळाचे कपडे ह्यांच्या बारीक लोकरीस २.२५ ते ३.२५ मिलिमीटर, आणि मध्यम जाड लोकरीस सुमारे ५ ते ६ मिलिमीटर. हा केवळ आरंभबिंदू होय. त्याच दोऱ्यास बारीक सुई घेतली तर वीण घट्ट व ताठ होते; पिशवी आणि तोरण ह्यांस ते इष्ट. जाड सुई घेतली तर वीण मोकळी व झुळझुळीत होते. शालीस ते इष्ट.

अखेरचा निवाडा नमुन्याचा. प्रत्येकीचा हात निराळा. कोणी दोरा आवळून धरते, कोणी सैल सोडते, आणि एकच सुई व एकच दोरा देऊनही दोघींचे काम सारखे येत नाही. म्हणून सुमारे १५ सेंटिमीटरचा चौकोन विणावा, धुवावा, वाळवावा, आणि मगच मधल्या १० सेंटिमीटरमधील टाके मोजावेत. समजा, कृतीत १० सेंटिमीटरला १६ टाके सांगितले आहेत आणि रुंदी १६० टाक्यांची, म्हणजे एक मीटरची आहे. एखादीच्या नमुन्यात १८ टाके भरले, तर तिच्या रुमालाची रुंदी ८९ सेंटिमीटरच भरेल. दोन टाक्यांचा फरक किरकोळ वाटतो. पण मेजाच्या दोन्ही बाजूंनी तो पाच-पाच सेंटिमीटर उघडा पडतो. टाके जास्त आले तर सुई थोडी जाड घ्यावी, कमी आले तर बारीक घ्यावी. हात बदलण्याचा खटाटोप करू नये. ह्याच नमुन्याने रंग उतरतो की काय, तेही कळते.

दोन सूचना अजून उरल्या. रंगाचे प्रत्येक घाण निराळे उतरते, म्हणून वेष्टनावरील लॉट नंबर सारखा पाहून सर्व गुंडे एकदमच घ्यावेत, आणि एक गुंडा जास्त घ्यावा. तसेच कृतीचे इंग्रजी पुस्तक वापरावयाचे तर ते ब्रिटिश की अमेरिकन हे आधी पाहावे. अमेरिकन पुस्तकात सिंगल क्रोशे म्हणतात त्यासच ब्रिटिश पुस्तकात डबल क्रोशे हे नाव आहे. आपल्या घरांतील साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब ही नावे अशा वेळी फार कामी येतात. इंग्रजी नावापुढे पेन्सिलीने मराठी नाव लिहून ठेवले की घोटाळा राहत नाही.

आधी हेतू, मग दोरा, त्यानंतर सुई आणि शेवटी नमुना, असा हा क्रम आहे. नमुन्यास एक संध्याकाळ लागते. ती वाया गेली असे वाटण्याचा संभव आहे. परंतु पुढच्या कित्येक महिन्यांची राखण तीच एक संध्याकाळ करीत असते.