घाटात हरवलेली हवा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली जुनी डिझेल गाडी खंबाटकीच्या चढाला लागते आणि तिसऱ्या गिअरमध्येच धापा टाकू लागते. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी वेग चढत नाही, मागचा ट्रक हॉर्न वाजवून जीव नकोसा करतो आणि आरशात स्वतःच्याच गाडीचा काळा धूर दिसतो. घरी आल्यावर गल्लीतला पहिला निकाल ठरलेला असतो: "टर्बो गेला." नव्या टर्बोचं बिल पाच आकडी येतं. पुष्कळदा मात्र खरा चोर निघतो तो होजवरची एखादी ढिली क्लिप, नाहीतर रबराला घासून पडलेली नखाएवढी चीर.

टर्बोचं काम सांगायला सोपं आहे. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चाती फिरवतो, तिच्याच दांड्यावर बसलेली दुसरी चाती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला इंटरकूलरमधून फिरवून गार करतात आणि मग इंजिनात सोडतात. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या या वाटेवर दोन-तीन जाड होज, चार-सहा जोड आणि इंटरकूलरची ॲल्युमिनिअमची जाळी असते. यातलं काहीही फुटू शकतं. मोटारीच्या भाषेत त्याला बूस्ट लीक म्हणतात. साध्या मराठीत, टर्बोच्या वाटेवरचं पंक्चर.

टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याची. तिचं पेटंट १९०५ सालचं. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन कोलोराडोतल्या पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंच डोंगरावर नेलं आणि विरळ हवेतही टर्बोमुळे इंजिनाचा जोर टिकतो हे दाखवलं. डोंगरच निवडला, कारण उंचीवर हवेचा दाब घटतो आणि टर्बोची खरी परीक्षा तिथेच होते. सह्याद्रीतल्या चालकालाही तेच अनुभवाला येतं. समुद्रकाठी हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो, पुण्यात ९५ च्या आसपास आणि महाबळेश्वरला ८६ च्या जवळ. तेवढाच अंतिम दाब गाठायला वर टर्बोला जास्त फिरावं लागतं. वाटेत गळती असली तर सपाटीवर कशीबशी झाकलेली उणीव घाटात उघडी पडते.

गळतीची लक्षणं गाडीगणिक बदलतात. काही इंजिनांत एअर फिल्टरनंतर हवा मोजणारा सेन्सर असतो. त्याने मोजलेली हवा पुढे फटीतून निसटली तरी कॉम्प्युटरला त्याचा पत्ता नसतो. तो मोजलेल्या हवेच्या हिशेबानेच इंधन सोडतो, हवा कमी पडते आणि काळा धूर येतो. डीपीएफ हा काजळी अडवणारा फिल्टर बसवलेल्या नव्या बीएस ६ डिझेल गाड्यांत हा धूर डोळ्यांना दिसत नाही. काजळी त्या फिल्टरमध्येच अडकते आणि तो लवकर भरतो. पेट्रोल गाडीत गळती थ्रॉटलच्या पुढे असेल तर गंमत उलटी होते: उभ्या गाडीत तिथे पोकळी असते, त्यामुळे फट बाहेरची हवा आत ओढते आणि आयडलिंग वर-खाली होऊ लागतं. स्कॅनर लावला तर पी०२९९ हा कोड दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की बूस्ट कमी पडतोय. टर्बो बदला असं तो सांगत नाही, पण वाचणारे बरेचदा तसंच वाचतात.

तपासणी सुरू होते ती डोळ्यांनी. टर्बोच्या नळ्यांत इंजिन ऑइलचा थोडा ओलावा असणं स्वाभाविक आहे. फटीतून हवा सुटली की तिच्याबरोबर हे तेलही बारीक तुषार होऊन बाहेर येतं आणि त्यावर आपल्या रस्त्यांची धूळ बसते. बाकी होज कोरडा करडा आणि एका जोडापाशी मात्र काळपट, चिकट, गुटख्याच्या डागासारखा पट्टा दिसला तर निम्मा तपास तिथेच संपला. होज हाताने वाकवून, खालची बाजू आरशात पाहून घ्यावी. चिरा बहुधा खालच्या वळणावर, जिथे रबर कशाला तरी घासतं तिथे असतात. बंद इंजिनात त्या मिटलेल्या असतात आणि दाब आला की ओठासारख्या उघडतात. म्हणूनच नुसतं बघणं पुरत नाही.

पुढचा भाग पंक्चरवाल्याचा. तो ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या टबात बुडवतो. इथे गाडी टबात मावत नाही, म्हणून टब स्प्रेच्या बाटलीत आणायचा. हार्डवेअरच्या दुकानात ६३ किंवा ७५ मिलिमीटर पाइपाची पीव्हीसी एंड कॅप मिळते. तिला मधोमध साधारण साडेअकरा मिलिमीटरचं भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह आतून ओढून बसवायचा. एअर फिल्टरची नळी आणि हवा मोजणारा सेन्सर काढून ठेवायचा आणि टर्बोच्या तोंडावर सिलिकॉनच्या होजचा तुकडा घालून त्यात ही कॅप दोन क्लिपांनी आवळायची. इंजिन गार आणि बंद, चावी काढलेली. एवढ्या सामानाचा खर्च काहीशे रुपयांत भागतो.

हवा भरण्याआधी एक हिशेब पाहावा. ६० मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. १५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा रेटा. म्हणजे त्या कॅपवर आतून जवळजवळ तीस किलोचं ओझं येतं. क्लिप ढिली असेल तर कॅप बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. तोंडासमोर उभं राहायचं नाही, आणि पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर रेग्युलेटरशिवाय थेट जोडायचा नाही, कारण त्याच्या टाकीत शंभराहून जास्त पीएसआय असतात. सुरुवात पाच पीएसआयने करावी. बहुतेक मोठ्या गळत्या तेवढ्यातच बोलायला लागतात. मग हळूहळू वाढवत गाडीच्या नेहमीच्या बूस्टपर्यंत जावं, त्यापलीकडे नाही. बारा व्होल्टचा टायर इन्फ्लेटर चालतो, पण त्याची हवा इतकी बेताची असते की मोठी गळती असली तर दाबाचा काटा हलतच नाही. अर्थात तेही एक उत्तरच.

दुसरी खबरदारी ब्रीदरची. क्रँककेसमधली वाफ ज्या नळीने टर्बोच्या तोंडाशी येते ती काढून दोन्हीकडे बूच लावलं नाही तर दाब सरळ इंजिनाच्या पोटात शिरतो आणि ऑइल सीलवर ताण येतो. ऑइल भरायचं झाकण मोकळं ठेवलं की हा धोका टळतो.

आता ऐकायचं. रात्रीची शांत वेळ बरी, पंखा बंद, रस्ता निवांत. फुस्स असा आवाज कुठून येतो ते कानाने धरायचं आणि तिथे साबणाचं पाणी फवारायचं. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बदलल्यावर घरोघरी करतात तेच. मोठी फट पाणी उडवून लावते, फेस टिकतच नाही. बारीक फटीवर मात्र आधी काहीच दिसत नाही, मग मोहरीएवढे बुडबुडे येतात आणि बघता बघता त्यांचा पांढरा गोंडा होतो. फेस मुख्यतः पाच-सहा जागी शोधायचा: होजचे जोड, इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या जिथे ॲल्युमिनिअमला दुमडून बसवलेल्या असतात ती शिवण, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, थ्रॉटलच्या दांड्याची दोन टोकं, दाब सोडणारा बायपास व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. धुराने शोधायची म्हणून उदबत्ती पेटवून बॉनेटखाली फिरवणारेही आहेत. पेट्रोलच्या वाफेजवळ ही हौस करू नये.

नवशिक्याला फसवतात ते खोटे आवाज. इंजिन थांबतं तेव्हा एखाद्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. हवा त्यातून शिरून पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडी झिरपते आणि ऑइलच्या झाकणाशी सूं-सूं ऐकू येते. ही गळती नव्हे. सायलेन्सरमधून आवाज आला तर दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असू शकतात. गिअर न्यूट्रल ठेवून क्रँक पान्याने थोडी फिरवावी आणि पुन्हा ऐकावं. तरीही आवाज तिथेच राहिला आणि गाडी डिझेल असली तर थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. काजळीने तो अर्धवट उघडा अडकला की दाबलेली हवा परस्पर सायलेन्सरकडे जाते. म्हणून काटा शून्यावर यायला किती वेळ लागला यावर निकाल देता येत नाही. हवा कुठून गेली, हे पाहावं लागतं.

सगळ्या गाड्यांना हे सारखं सोपं नाही. चाकणला बनणाऱ्या टायगून आणि कुशाकच्या एक लिटरच्या टीएसआय इंजिनात इंटरकूलर पाण्याने गार होणारा आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे; वाट आखूड, जोड कमी, पण हात घालायला जागाही कमी. उलट इंटरकूलर पुढच्या बंपरमागे असेल तर होज लांब, आणि खालून उडणारे खडे थेट जाळीवर. वॉरंटीतल्या गाडीला घरी हात न लावलेलाच बरा.

फट सापडली की चिरलेला होज बदलायचा. टेप किंवा सोल्युशन तापलेल्या तेलकट रबरावर आठवडाभरही टिकत नाही. क्लिप आवळताना होज नळीच्या फुगीर कडेच्या पलीकडे सरकला आहे ना ते पाहायचं, नाहीतर पहिल्याच चढावर तो निसटतो. दाब व्हॉल्व्हची पिन दाबून सावकाश सोडायचा, ब्रीदरची बुचं काढून नळी जागेवर बसवायची, नळ्यांत चिंधी राहिलेली नाही याची खात्री करायची, आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर टकदिशी बसेपर्यंत ढकलायचा. तो विसरला तर दुरुस्त गाडी अंगणातून बाहेर पडण्याआधीच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.