पोकळ भिंतीतला गारवा

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण अनुभवातूनच जन्मली असावी. आयुष्यभराची पुंजी विटा-सिमेंटात ओतली जाते आणि पहिल्याच वैशाखात कळते की, दुपारी वरच्या खोलीत बसवत नाही. तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. मग वातानुकूलन यंत्र येते आणि त्यापाठोपाठ विजेचे बिल. खर्चाची बचत आणि घरातला गारवा एकाच युक्तीने साधता येतात, हे केरळमध्ये बांधून दाखवले ते वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी.

1917 साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जन्मलेले बेकर महायुद्धकाळात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतत असता बोटीसाठी मुंबईत थांबले. तेथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. घराचे सारे साहित्य पाच मैलांच्या परिसरातले असावे, हा गांधीजींचा विचार प्रथम त्यांना अतिरेकी वाटला होता; पुढे चाळीस वर्षे घरे बांधल्यावर तो पटला, अशी प्रांजळ कबुली त्यांनीच दिली आहे. डॉक्टर पत्नी एलिझाबेथ यांच्यासह पिथोरागडच्या डोंगरात दीर्घकाळ राहून ते 1963 मध्ये केरळात आले.

त्यांची भिंत पाहण्यासारखी असते. नेहमीप्रमाणे विटा आडव्या न ठेवता त्या कडेवर उभ्या रचायच्या. दोन थरांमध्ये आपोआप पोकळी राहते. या ‘रॅट ट्रॅप’ रचनेत नऊ इंची भिंतीच्या सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात, आणि पोकळीतली हवा बाहेरचे ऊन आत पोहोचू देत नाही. छताचेही तसेच. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सोसतात त्या सळया. तेथील काँक्रीट बहुतांशी नुसते ओझेच असते. बेकर त्या जागी मंगळुरी कौले बसवत. सिमेंट वाचे, छत हलके होई, उष्णताही कमी उतरे. गिलावा नाही, म्हणून रंगही नाही. खिडकीऐवजी पुष्कळदा विटांची जाळी, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून वर रुंद वळचण. तिरुअनंतपुरमच्या ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’च्या वास्तूंत अशा जाळ्यांतून झिरपणारा उजेड आजही पाहता येतो.

मात्र हे सारे जसेच्या तसे उचलणे शहाणपणाचे नाही. वीट भाजायला इंधन जळतेच. कोकणात जांभ्याचा चिरा हाताशी असताना दुरून विटा आणणे म्हणजे बेकर यांचे बाह्यरूप घेऊन विचार सोडणे होय. दमट किनाऱ्यावर सुखावणारी जाळी विदर्भातल्या उन्हाळ्यात झळा आणि धूळच आत आणील. तेथे जाड मातीच्या भिंती आणि लहान झरोकेच बरे. डासांसाठी जाळीला आतून बारीक तारेची जाळी लावावी लागते, तो खर्च अंदाजपत्रकात सहसा कोणी धरत नाही.

खरी अडचण गवंड्याची. गिलावा नसल्याने चूक झाकता येत नाही; प्रत्येक सांधा उघडा दिसतो. बेकर स्वतः कामावर उभे राहून कारागिरांना शिकवीत. म्हणून घरमालकाने आधी एक लहान भिंत बांधून घ्यावी, ती जमली तरच पुढचे काम सोपवावे. विजेच्या नळ्या कोठून जाणार तेही पहिला थर रचण्यापूर्वीच ठरवावे, कारण पोकळ भिंतीवर नंतर छिन्नी चालवली की कडेवर उभी वीट फुटते.