पुस्तक घरी जाऊ द्या

‘मुलं वाचत नाहीत, नुसती मोबाइल बघतात,’ ही तक्रार शहापूरच्या बाजारात ऐकू येते, तशी मुरबाडच्या एसटी स्टँडवरही. शहापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवताना मला उमगलेली गोष्ट अशी, की वाचनाची गोडी आधी कानाला लागते, मग डोळ्यांना. घरी कुणी वाचून दाखवणारं नसेल, तर ते काम शाळेनं अंगावर घ्यायला हवं.

परिपाठ झाला की मी रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचते. चित्रं मुलांकडे, बोट शब्दांखाली. पान उलटण्याआधी थांबून विचारते, ‘आता काय होईल?’ मग वर्ग नुसता गजबजतो. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ वाचलं, की प्रत्येकाला आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगायचं असतं. ऐकून ऐकून वाक्यं पाठ होतात आणि अक्षरओळख नसलेली पोरंही पुस्तक हातात धरून ‘वाचू’ लागतात. त्यांना अडवू नये. पाठ असलेलं वाक्य आणि छापलेले शब्द यांची सांगड घालता घालताच मूल वाचायला शिकतं.

इथली बरीच मुलं कातकरी, ठाकूर, महादेव कोळी घरांतली. पुस्तकातली मराठी त्यांच्या घरच्या बोलीपेक्षा वेगळी असते. म्हणून गोष्टीवरच्या गप्पा त्यांच्याच बोलीत होऊ द्याव्यात. दुसरीतला एक मुलगा पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन बापासोबत चिंबोऱ्या पकडायला गेला होता. तो सांगत गेला, मी त्याच्याच शब्दांत लिहीत गेले. चित्रं त्यानं काढली, पानं स्टेपल केली आणि झालं पुस्तक. वाचनकोपऱ्यात सगळ्यात जास्त मागणी त्यालाच.

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. मुलंही जातात, आणि शाळा सुटते. त्यांच्या पिशवीत दोन पुस्तकं असायलाच हवीत. फाटतील, हरवतील या भीतीनं पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवण्यात काय अर्थ? फाटलेलं पान चिकटवता येतं. लहानपणी न लागलेली गोडी पुढे लावणं फार अवघड.

आईबाप, आजी कुणीच शिकलेलं नसेल तर? मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाकडे पाहा. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं ८ मार्च २०१६ रोजी तिथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी अक्षरं गिरवायला बसू लागल्या. ज्या घरात आजी पाटीवर स्वतःचं नाव लिहिते, तिथे अक्षरांचं मोल नातवंडांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

प्रत्येक गावात अशी शाळा निघेलच असं नाही, पण ऐकणारं माणूस प्रत्येक घरात असतं. मुलानं आणलेलं पुस्तक समोर बसून ऐकायला अक्षर यावं लागत नाही. ऐकून झालं, की आजीनं तिच्याजवळची एक गोष्ट सांगावी.

१५ ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो, चांगलंच आहे. पण मुलाला पुस्तक रोज हवं. शिक्षकांनी कपाटं उघडावीत, पालकांनी रोज दहा मिनिटं ऐकावं, आणि शहरातल्या वाचकांनी ‘किशोर’ मासिकाची वर्गणी आपल्या मुलासाठी भरताना एक वर्गणी एखाद्या पाड्यावरच्या शाळेसाठीही भरावी.