पुण्यात चालवली म्हणजे लंडनमध्ये जमेलच?

'पुण्यात गाडी चालवली ना, मग जगात कुठेही चालवशील!' लंडनला निघालेल्या माणसाला हा दिलासा हमखास मिळतो, आणि तो ऐकला की दर वेळी चीड येते. वर पुस्ती असतेच: तिथेही डावीकडूनच चालवतात, शिकायचंय काय?

बाजू तेवढी सारखी. आपण फट दिसली की गाडी घालतो. दुसरा थांबेल यावर कोणाचाच भरवसा नसतो, म्हणून सगळे ब्रेकवर पाय ठेवूनच असतात. लंडनमध्ये आधी कोणी जायचं हे ठरलेलं असतं आणि ज्याचा हक्क आहे तो तुम्ही थांबणार हे धरूनच येतो. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं (ब्रिटनचा हायवे कोड, नियम १८५). तिथे सवयीने गाडीचं नाक पुढे काढलंत, तर तो वेळेत ब्रेक मारेलच असं नाही. तुम्ही घुसाल हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस तितक्याच निर्धास्तपणे पाऊल टाकतो. २९ जानेवारी २०२२ पासून तर तुम्ही ज्या रस्त्यात वळताय तो ओलांडायला कोणी नुसतं कडेला उभं असलं, तरी थांबायला सांगितलंय. पुण्यात जी चपळाई आपण कौशल्य म्हणून मिरवतो, ती तिथे कोणाच्या तरी जिवावर बेतेल.

अप्पर-डिपरचंही तेच. आपल्याकडे लाइट मारला की 'मी येतोय, थांब'. तिथे बरेच जण 'तुम्ही जा' म्हणून मारतात. नियम ११० सांगतो की लाइट मारायचा तो फक्त आपण इथे आहोत हे कळवायला. म्हणून कोणी लाइट मारला तरी रस्ता स्वतः बघूनच गाडी काढा. आणि हॉर्न? गाडी उभी असताना किंवा वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात वाजवायला बंदी आहे. दुसऱ्या वाहनामुळे धोका असेल तरच सूट.

असेच आणखी काही समज ऐकू येतात. 'भारतीय लायसन्स चालत नाही.' चालतं, बारा महिने. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या अटी मात्र वेगळ्या असू शकतात.

'डावीकडे वळायला सिग्नल कशाला?' लाल म्हणजे लाल. हिरवा बाण असेल तरच वळा.

'सायकलवाल्याने कडेने जावं.' त्याला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर तुम्ही सोडायचंय.

'टोलनाका नाही, म्हणजे टोल नाही.' मध्य लंडनमध्ये २००३ पासून कंजेशन चार्ज आहे. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. पैसे आपणहून भरायचे, नाहीतर दंड.

हायवे कोड ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. विमानात बसण्याआधी वाचा. लंडन बघायला मात्र गाडी घेऊच नका, ट्यूब आणि बस पुरतात. लेक डिस्ट्रिक्टला किंवा स्कॉटलंडला जायचं असेल, तर आगगाडीने शहराबाहेर पडा आणि तिथून गाडी घ्या.