तंबोऱ्याने पारखलेला कॅमेरा

राग कोणता आधी शिकावा, यापेक्षा कॅमेरा कोणता घ्यावा हाच प्रश्न सांप्रत माझ्याकडे अधिक वेळा येतो. काचीगुड्यातल्या, सुलतान बाजारातल्या आपल्या जुन्या घरांतली मुले-नातवंडे दूरदेशी गेली. इथल्या आजीच्या ओव्या आणि आजोबांची पदे त्यांना नुसती ऐकायची नसतात, म्हणताना पाहायचीही असतात. कोणी आपली शिकवणी यूट्यूबवर ठेवू पाहतो. 'गुरुजी, खिशाला झेपेल असा चांगलासा कॅमेरा सांगा,' असा निरोप येतो, आणि चांगला म्हणजे चित्र स्वच्छ येणारा, हे सांगणाऱ्याने मनाशी ठरवूनच टाकलेले असते. माझे म्हणणे इथेच वेगळे पडते.

चित्राचा शौक आपल्या लोकांना नवा नाही. मुंबईच्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, २१ गिनी मोजून लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा आणवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती टिपली. पुढे १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले, तो सोहळाही त्यांनी चित्रित केला. आपल्या शहरात तर राजा दीनदयाळ होऊन गेले. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ, निजामांच्या दरबारात त्यांना मान, आणि 'मुसव्विर जंग' हा किताब. दरबाराचे हत्ती, मेजवान्या, शिकारी सारे त्यांच्या काचेवर उतरले आहे. गाणे मात्र उतरलेले नाही, ते त्या यंत्राच्या हाती नव्हतेच. माझे वडील तरुणपणी दरबारात गात. त्यांची त्या काळची दोन छायाचित्रे घरी आहेत. एकात तोंड उघडे, हात वर गेलेला, तान निम्म्यावर असावी. कोणत्या रागातली, हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

तेव्हा गाणाऱ्या घराने कॅमेरा घ्यायचा तर तो आधी ऐकून घ्यावा, मग पाहून.

हाती असलेल्या फोनपासूनच सुरुवात करा. आजचे साधारण फोनसुद्धा दिवसाच्या उजेडात उत्तम चित्र देतात. तेवढ्यासाठी नवा खर्च नको. अडचण कानाची आहे. फोन मूळचा बोलण्यासाठी केलेला. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, अशी त्याची समजूत, म्हणून तो आवाज दाबून टाकण्याची विद्या त्याला दिलेली असते. आता तंबोरा म्हणजे दुसरे काय? अखंड, एकसारखा नाद! अनेक फोन तो पंख्याबरोबरच पुसून टाकतात आणि गाणारा बिचारा निराधार गाताना ऐकू येतो. दुसरी खोड याहून वाईट. आवाजाची पातळी तो आपल्या मताने वरखाली करतो. तार षड्ज लागला की दाबतो, आणि गवई श्वास घ्यायला थांबला की तंबोरा एकदम अंगावर आल्यासारखा मोठा होतो. गाण्यातला लहानमोठेपणा, ज्यासाठी माणूस वीस वर्षे घासतो, तो या हिशेबात सपाट होऊन जातो. काही मोफत अॅपांत यावर उपाय आहे. 'ओपन कॅमेरा' नावाच्या अॅपमध्ये ध्वनी प्रक्रियेविना घेण्याचा पर्याय असतो. फोनने तो मानला तर निम्मे काम झाले.

तरीही वेगळा कॅमेराच हवा असेल, तर दुकानदाराला पहिला प्रश्न एकच करावा: बाहेरचा माइक लावायची सोय आहे का? मेगापिक्सेलचे नंतर पाहू. लग्नामुंजीसाठी घरोघरी घेतले गेलेले कॅननचे १५००डी किंवा निकॉनचे डी३५०० छायाचित्रे सुरेख काढतात, परंतु त्यांना माइकची जागाच नाही. कॅननच्या २००डी मार्क २ ला ती आहे. सोनीच्या झेडव्ही-१ आणि झेडव्ही-ई१० यांना आहे. दुसरा प्रश्न, ध्वनीची पातळी हाताने ठरवता येते का. येत नसेल तर फोनचेच दुखणे अधिक दाम देऊन घरी आणल्यासारखे.

तिसरा प्रश्न मोठा मौजेचा आहे. जुने कित्येक कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंद झाली की आपोआप थांबतात. यंत्र थकते म्हणून नव्हे. अर्धा तास किंवा अधिक चित्रण करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा समजून जास्त जकात बसे, म्हणून कारखानदारांनीच ही मेख मारून ठेवली. ब्रुसेल्सच्या जकातनाक्याला विलंबित ख्याल ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याकडे मात्र बढत रंगात येते नेमकी त्याच सुमारास. जुना कॅमेरा स्वस्तात मिळत असेल तर हे आधी विचारून घ्यावे, आणि भिंगातून विजेरीचा झोत टाकून आत बुरशीचे कोळिष्टक तर नाही ना, हेही पाहावे. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या भिंगांना ती धरते.

माझा स्वतःचा कल तिसऱ्याच वाटेकडे आहे. चित्र फोनवर घ्यावे आणि ध्वनीसाठी मुठीएवढे वेगळे यंत्र, झूमच्या एच१एन सारखे, गाणाऱ्यापासून तीनचार हातांवर ठेवावे. नव्या कॅमेऱ्याच्या मानाने हा खर्च बराच कमी. दोन्ही सुरू करून एकदा स्पष्ट टाळी वाजवायची. मागाहून संगणकावर टाळीला टाळी जुळवली की चित्र आणि स्वर एका रेषेत येतात. समेवर यायची सवय असलेल्यांना हे शिकवावे लागत नाही.

उजेडाचे थोडक्यात सांगतो. खिडकी गाणाऱ्याच्या समोर किंवा बाजूला असावी, पाठीशी नको. दिव्याखाली चित्रण करताना पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ चित्रे आणि शटर १/५० असे ठेवले की ते बहुधा जातात. चार-के चित्राच्या मोहात पडू नये. सेकंदाला १०० मेगाबिटांच्या हिशेबाने त्याचा एक तास ४५ जीबी खातो. ओव्या म्हणणारी आजी साध्या १०८०पी मध्येही पुरेशी दिसते.

कोटीच्या गुजराती गल्लीत खरेदीला जाल तेव्हा खिशात इलेक्ट्रॉनिक तंबोरा, नाहीतर फोनवरचा तंबोरा घेऊन जा. दुकानातच तो लावावा, त्यावर चार आवर्तने गुणगुणावी, मध्ये स्वस्थ बसावे, आणि केलेले चित्रण कानाला हेडफोन लावून ऐकावे. दुकानदार हसेल, हसू द्यावे. मी गेलो त्या दुकानात तर दोन गिऱ्हाइके ऐकत उभी राहिली. तिथल्या गोंगाटात बारकावे कळत नाहीत हे खरे, पण तुमच्या थांबण्यात तंबोरा फुगतो का, हे तिथेही लपत नाही.

राहिला पंखा. चित्रण करताना तो बंद हवा, आणि आपल्या गावी एप्रिल-मे मध्ये ही शिक्षा गाणाऱ्यालाही आणि यंत्रालाही; कॅमेरे तापून मध्येच बंद पडतात. त्या दोन महिन्यांत पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान बसावे. वृद्ध माणसांचा गळाही माझ्या अनुभवात त्या वेळी अधिक मोकळा असतो, रस्त्यावर रिक्षा नसतात, आणि भैरव गाऊन घ्यायला वेळही तीच.