तंबोऱ्यात न लावलेला गंधार

रामनवमीच्या सुमारास बंगळूरच्या चामराजपेटेत, फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर मांडव उभा राहतो. एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी १९३९ साली सुरू केलेला श्री रामसेवा मंडळीचा हा संगीतोत्सव. तिथे मैफलीच्या थोडे आधी जाऊन बसावे आणि तंबोरा लागताना ऐकावा. खुंटी पिळून तार जवळपास आणतात, मग मणी सरकवून राहिलेली कसर काढतात. जोडाच्या दोन तारा जुळत नाहीत तोवर आवाज लाटेसारखा फुगतो, ओसरतो. जुळत आल्या की लाटा लांबत जातात आणि एका क्षणी नाहीशा होतात. स्वरज्ञान नसलेल्या माणसालाही तो क्षण कळतो. तो कसा कळतो, हे मला संगीतातले सर्वांत मोठे नवल वाटते.

एक तार सेकंदाला २४० वेळा कंप पावते आणि दुसरी २४३ वेळा, तर सेकंदाला तीन लाटा ऐकू येतात. भौतिकशास्त्रात यांना विस्पंद म्हणतात. षड्ज २४० धरून शेजारी कोमल ऋषभ, म्हणजे २५६, एकाच वेळी वाजवला तर लाटा सोळा होतात. त्या मोजता येत नाहीत. कानाला नुसती खरखर जाणवते. विसंवादाचे मूळ या खरखरीत आहे, असे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली मांडले. आतल्या कानात शंखासारख्या वेटोळ्यात एक पडदा असतो आणि त्यावर प्रत्येक कंपनसंख्येची जागा ठरलेली असते. दोन स्वर फार जवळचे असले की पडद्याचा एकच पट्टा दोघांनाही दाद देऊ लागतो. प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी १९६५ साली दाखवले की, अंतर त्या पट्ट्याच्या रुंदीच्या साधारण पाव असते तेव्हा खरखर सर्वांत जास्त होते.

मग पंचम इतका गोड का? तारेतून एकच स्वर कधी निघत नाही. २४० च्या षड्जाबरोबर ४८०, ७२०, ९६०, १२०० असे उपस्वरही वाजतात. ३६० चा पंचम ७२० वर त्यांच्यातल्या एकावर नेमका बसतो. ३०० चा शुद्ध गंधार १२०० वर बसतो. म्हणूनच गंधाराची तार न लावताही चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खर्जातून गंधार ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो, आणि हा शब्द शास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. नेहमीच्या पेटीतला गंधार मात्र ३०२.४ च्या आसपास असतो. त्याचा चौपटीचा उपस्वर तंबोऱ्याच्या १२०० शी सेकंदाला नऊ-साडेनऊ विस्पंद करतो. पेटीबद्दल जुन्या गवयांच्या मनात जी अढी होती, तिला असा हिशेबी आधार आहे.

हे उपस्वर इतके ठळक होतात ते जवारीमुळे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर निबंध लिहिला. तार जिथे छेडली असता एखादा उपस्वर उमटूच नये, तिथे छेडूनही तो या वाद्यांत जोरात घुमतो, असे त्यांना आढळले. घोडीचा रुंद, किंचित उतरता माथा आणि तंबोऱ्यात शिवाय तारेखालचा दोरा, यांची ही किमया; तीच जवारी. १९३३ साली रामन बंगळूरला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा भारतीय तालवाद्यांवरचा निबंध निघाला. पुडीवरच्या काळ्या शाईमुळे मृदंगाचे उपस्वरही पूर्णांकांच्या प्रमाणात येतात. साध्या ढोलाला हे जमत नाही. मृदंग षड्जाशी बोलतो.

महाराष्ट्रातही स्वरांमागच्या प्रमाणांचा शोध एका माणसाने जिवापाड घेतला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेची लांबी मोजत, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेत श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, प्रमाणे मांडली. १९१० साली त्यांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक आले. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने त्यांनी श्रुतींची पेटीही करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर मतभेद झाले. तरीही वाद कानाने आणि मोजमापाने सोडवायचा, हा देवलांचा हट्ट मला फार मोठा वाटतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींवरचे स्वर संवादी म्हटले आहेत, म्हणजे आपले सा-म आणि सा-प. दोन श्रुतींवरचे विवादी. पण खरखर ऐकू येणे वेगळे आणि ती नकोशी वाटणे वेगळे. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. खरखर त्यांनाही आवडत नव्हती, मात्र पाश्चात्त्य कानांना गोड आणि कडू वाटणारे स्वरमेळ त्यांना सारखेच रुचले. आवडीचा बराच भाग संस्कारातून येतो, असा त्याचा अर्थ मी घेतो.

कर्नाटक संगीत तर विवादाला घरातच जागा देते. आपल्या थाटांसारख्या तिथल्या बहात्तर मेळांपैकी चाळीस विवादी आहेत. त्यांतल्या चलनाट मेळातला नाट राग मैफलीच्या आरंभी मंगल म्हणून गातात. त्याचा षट्श्रुती ऋषभ, म्हणजे आपला कोमल गंधार, २८८ च्या आसपास असतो आणि लगेच वर शुद्ध गंधार. गायकाने तो ऋषभ धरला की त्याचा चौपटीचा उपस्वर ११५२ वर आणि तंबोऱ्यातला न लावलेला गंधार १२०० वर. अंतर ४८ चे, खरखरीला अगदी पोषक. मांडवात कोणी हा हिशेब करत नाही. ऋषभ ताणला जातो, ऐकणाऱ्याची मान थांबते, आणि आवाज गंधारावर टेकताच तीच मान हलू लागते.