पाय मोडणारी कळ

लहानपणी सकाळी मदरशात अलिफ-बे आणि दुपारी शाळेत ग-म-भ-न गिरवले. त्यामुळे एकाच पोराच्या पाटीवर दोन लिप्या असतात, याचे मला कधी नवल वाटले नाही. नवल वाटते ते लिपी हातातून सुटते त्याचे. आमच्या घरच्या पेटीत आजोबांच्या वेळचे जमिनीचे मोडी कागद आहेत. बी.ए. झालेल्या मला ते वाचता येत नाहीत. म्हणूनच फिलिपिन्समधल्या 'बायबायिन' लिपीची हकिगत मला परक्याची वाटत नाही.

बायबायिन ही तागालोग भाषेची जुनी लिपी. मूळ ब्राह्मीच, म्हणजे आपल्या देवनागरीची दूरची चुलत बहीण. तीन स्वर, चौदा व्यंजने, एकूण १७ अक्षरे. व्यंजनात आपल्यासारखाच 'अ' मुरलेला. अक्षराच्या वर 'कुदलित' नावाची खूण केली की इ किंवा ए, खाली केली की उ किंवा ओ. पण अक्षराचा पाय मोडायची सोय नव्हती. शब्दाच्या शेवटचे व्यंजन लिहीतच नसत. 'बाता' म्हणजे मूल, 'बातास' म्हणजे कायदा. लिहायचे दोन्ही सारखेच. वाचणारा संदर्भाने ओळखी. जेर-जबर नसताना उर्दू वाचतात, तसेच हे.

१५९३ मध्ये मनिलात छापलेल्या 'दोक्त्रिना ख्रिस्तियाना' या पुस्तकात ही अक्षरे आहेत. १६२० मध्ये फ्रान्सिस्को लोपेझ या स्पॅनिश धर्मोपदेशकाने पाय मोडण्यासाठी अक्षराखाली छोटा क्रूस सुचवला. तो लोकांत फारसा रुजला नाही. पुढे रोमन लिपीने सगळेच व्यापले. मिंदोरो बेटावरच्या मांग्यान लोकांनी मात्र आपल्या लिप्या जपल्या. सात-सात अक्षरांच्या ओळींची 'आंबाहान' कविता ते बांबूवर सुरीने कोरतात.

आज फिलिपिनो माणूस टंकलेखन करतो ते अमेरिकी धाटणीच्या कळफलकावर. १९८७ पासून त्यांच्या वर्णमालेत २८ अक्षरे आहेत: इंग्रजीची २६, स्पॅनिशमधून आलेला 'एन्ये' आणि 'ङ'. आपल्याकडे ङ 'वाङ्मया'पुरता उरला. त्यांच्याकडे तो शब्दाच्या आरंभीही येतो. 'ङायोन' म्हणजे 'आता'. रोमनमध्ये या एका ध्वनीसाठी 'एन' आणि 'जी' अशा दोन कळा दाबाव्या लागतात. बायबायिनमध्ये त्याला स्वतःचे एक अक्षर आहे.

२००२ मध्ये बायबायिनला युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक ठरला. त्यानंतर कळफलक करणे सोपे झाले. 'बी'च्या कळीवर ब, 'के'च्या कळीवर क, मग खुणेची कळ. बोटांना नवे काही शिकावे लागत नाही. वाद उरला तो पाय मोडण्याच्या कळीचा. काही म्हणतात, क्रूस परक्याने आणलेला, तो नको. दुसरे म्हणतात, पूर्वी वाचणारा शेजारी होता. आज निरोप अनोळखी माणसाकडे जातो. त्याने 'मूल' वाचायचे की 'कायदा'? मला दुसऱ्यांचे पटते. लिपी वापरात राहायची तर तिने नवी खूण घ्यायला लाजू नये.

याच देशात लागुना प्रांतात एक ताम्रपट सापडला. लिपी कावी, काळ शके ८२२, महिना वैशाख. शक आणि महिना आपल्या पंचांगातलेच. विषय काय, तर एका घराण्याला कर्जातून मुक्त केल्याची पावती! आंतून पोस्तमा या डच अभ्यासकाने तो वाचला. तोवर ती पावती असून नसल्यासारखीच होती.

मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. अक्षरांना क्रमांक मिळाले, पण ती ओळखणारे डोळे कोणी क्रमांकाबरोबर पाठवत नाही. ते आपले आपणच तयार करायचे. यंदा मी मोडी गिरवायला घेतली आहे. पेटीतला पहिला कागद अर्धा लागला आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)